विजयनगरचे पतन आणि पोर्तुगीज गोवा : आर्थिक परावलंबनाचा एक अभ्यास

प्रस्तावना :
राज्याच्या पतनाचा इतिहास बहुधा जेते व पराभूत या दोन पक्षांपुरताच लिहिला जातो. त्या राज्याच्या बाजारपेठेवर विसंबून असलेल्या शेजाऱ्याचे काय झाले, हा प्रश्न मागे पडतो. जानेवारी १५६५ मधील राक्षसतागडीच्या (तालिकोट) लढाईनंतर पोर्तुगीज गोव्यावर झालेले परिणाम या दृष्टीने अभ्यसनीय आहेत.

परावलंबनाचे स्वरूप :
दक्षिणेत उत्तम युद्धाश्वांची पैदास होत नसल्याने अरबस्तान व इराणमधील घोडे होर्मुझमार्गे समुद्रातून आणले जात. १५१० मध्ये गोवा जिंकल्यावर पोर्तुगिजांनी हा व्यापार तेथे एकवटण्याचा प्रयत्न केला. घोड्यांवरील जकात हे गोव्याच्या उत्पन्नाचे एक प्रमुख साधन बनले. १५४७ च्या तहान्वये गव्हर्नर जुआंव द कास्त्रो याने गोव्यातील घोडे विजयनगरला देण्याचे व आदिलशहाला न देण्याचे मान्य केले. शत्रूला दुर्बल ठेवण्याचा हा उपाय होता. परंतु त्यामुळे गोव्याचा व्यापार एकाच मोठ्या ग्राहकाशी बांधला गेला.

पतनाचे परिणाम :
लढाईत रामराय मारला गेला, राजधानी लुटली गेली आणि तिरुमलाने पेनुकोंडा येथे आश्रय घेतला. घोडे, मखमल, साटीन यांचा धनाढ्य ग्राहकच नाहीसा झाला. गोव्याच्या जकातीला यामुळे बसलेल्या धक्क्याची नोंद पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कुतो याने केली आहे.

दुसरा परिणाम राजकीय होता. दक्षिणेकडील शह दूर झाल्याने सुलतानांना किनाऱ्याकडे वळता आले. १५७०-७१ मध्ये अली आदिलशहाने गोव्याला, तर मुर्तझा निजामशहाने आजच्या रायगड जिल्ह्यातील चौलला वेढा घातला. दोन्ही वेढे अयशस्वी ठरले, तथापि संरक्षणाचा भार वाढला. दुसरीकडे १५६९ च्या सुमारास पोर्तुगिजांनी होनावर व बसरूर ही बंदरे घेतली. बंदरे मिळाली, परंतु त्यांच्या पाठीमागची एकसंध बाजारपेठ मिळाली नाही.

निष्कर्ष :
गोव्याच्या ऱ्हासाचे सर्व खापर १५६५ वर फोडता येणार नाही. डचांची स्पर्धा आणि १६२२ मध्ये होर्मुझ गमावणे ही नंतरची कारणेही तितकीच महत्त्वाची आहेत. तरीही ज्या तहाने व्यापाराची शाश्वती दिली, त्यानेच परावलंबन वाढविले, हे स्पष्ट होते. शेजारी राज्याच्या समृद्धीत वाटा घेणाऱ्याला त्याच्या पतनातही वाटा उचलावा लागतो. रणांगणावर गोव्याचे सैन्य नव्हते. पराभवाची किंमत मात्र गोव्यालाही मोजावी लागली.