'सब्जेक्ट': ताबेदार की आधार?

आज एकच इंग्रजी शब्द घेऊ, 'सब्जेक्ट'. शाळेत तो विषय असतो, व्याकरणात कर्ता. राजापुढे तो प्रजाजन होतो आणि तत्त्वज्ञानात चक्क जाणणारा 'मी'. आता कर्ता आणि ताबेदार एकाच घरात कसे नांदतात?

मूळ लॅटिनमध्ये आहे. 'सब' म्हणजे खाली, 'याकेरे' म्हणजे टाकणं. सत्तेखाली आलेला तो प्रजाजन, हे सरळच आहे. दुसरी वाट ॲरिस्टॉटलची. त्याचा ग्रीक शब्द 'हिपोकैमेनॉन', म्हणजे तळाशी असलेलं. 'सॉक्रेटिस गोरा आहे' म्हटलं, तर गोरेपण ज्याच्यावर टेकतं तो सॉक्रेटिस. सहाव्या शतकात बोएथियसने यासाठी लॅटिनमध्ये 'सुब्येक्तुम' वापरला. ज्याच्याविषयी बोलायचं तो विषय, वाक्यातला कर्ता, हे अर्थ इथले.

पुढे गंमत झाली. मध्ययुगीन पंडितांच्या लेखी सब्जेक्ट म्हणजे बाहेरची खरी वस्तू आणि 'ऑब्जेक्ट' म्हणजे मनासमोर आलेलं तिचं रूप. कांटपर्यंत, म्हणजे १७८१पर्यंत, हे उलटलं. ज्ञानाचा आधार जाणणारा 'मी' ठरला, म्हणून आधाराचा शब्द त्याच्याकडे गेला.

आपल्याकडे शंकराचार्यांनी दोन वेगळे शब्द वापरले: जाणणारा तो विषयी, जाणलं जातं तो विषय. म्हणून तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात सब्जेक्टचं भाषांतर 'विषय' केलं, की अर्थ नेमका उलटा होतो! विद्यार्थी गोंधळतात ते उगाच नाही.

आता प्रजेकडे या. संस्कृतात 'प्रजा' म्हणजे आधी संतती. राजा बाप, लोक लेकरं. १८५८च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणी हिंदी लोकांशी बोलली ती आपले प्रजाजन म्हणूनच. २६ जानेवारी १९५०ला आपण 'प्रजासत्ताक' झालो. बघा, शब्द प्रजेचाच राहिला, पण सत्ता खालून वर निघाली. कांटने जे 'मी'चं केलं, तेच संविधानाने लोकांचं केलं. तळाशी असलेला दबलेला नाही, त्याच्यावर सगळी इमारत उभी आहे.

तरीही कचेरीत गेलो की तोंडात 'मायबाप सरकार' येतंच ना? म्हणजे कायद्याने नागरिक झालो, पण जिभेवर अजून लेकरूच आहोत. हे उलटवायला संविधान पुरत नाही. ते काम ज्याचं त्यालाच करावं लागतं.