मातीचं छप्पर : भद्रावती, वर्धा आणि उरुग्वेचा एक इंजिनिअर

आजचा विषय छपराचा आहे, आणि चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या माणसाला त्याचं महत्त्व मी काय सांगणार! पावसाळ्याआधी कवेलू फेरायचे आणि वानरांची टोळी एकदा घरावरून गेली की पुन्हा फेरायचे. वैतागून लोकांनी टिनं घातली. मे महिन्यात भर दुपारी त्या टिनाखाली तासभर बसून बघा, मग पुढचं बोलू.

जुनं देशी कवेलू कुंभाराच्या चाकावर व्हायचं. निमुळती नळी काढायची, ओली असतानाच उभी चिरायची, की दोन कवेलू तयार. 1865 मध्ये बासेल मिशननं मंगळूरला कारखाना काढला आणि साच्यात दाबलेलं, आपण ज्याला इंग्रजी कवेलू म्हणतो ते आलं. त्यात चाकाची गरज उरली नाही. पुढे 1924 मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात सिरॅमिकचं शिक्षण सुरू झालं. मातीला विद्यापीठात जागा मिळाली, कुंभाराला नाही.

कुंभाराला जागा मिळाली ती भद्रावतीत. कुमारप्पांनी 1934 नंतर वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचं जे काम उभं केलं, त्याच विचारानं कृष्णमूर्ती मिरमिरा यांनी 1955 मध्ये इथं ग्रामोदय संघ काढला. हे विद्यापीठ नव्हे. पण कुंभाराला प्रशिक्षण देणं, त्याची भट्टी आणि अवजारं सुधारणं, याला संशोधन नाही म्हणायचं तर काय म्हणायचं?

आणि गाव कुठलं, तर जुनं भांदक! तळ्यातल्या बेटाकडे जाणारा तिथला दगडी पूल तुम्ही पाहिला असेल. एकोणिसाव्या शतकात कनिंगहॅमनंही त्याची नोंद घेतली. खांब आणि वर आडव्या तुळया, कमान नाहीच. म्हणून खांब इतके जवळजवळ. दगडाची तुळई लांब केली की ती खालच्या अंगाला ताणली जाते आणि तडकते. भाजलेल्या मातीचंही तेच. ती दाब सोसते, ताण सोसत नाही. मग तिला वाकवायचं, म्हणजे कमान करायची.

हे ज्यानं शेवटापर्यंत नेलं तो एलादिओ दिएस्ते, उरुग्वेचा स्ट्रक्चरल इंजिनिअर. जन्म 1917, पदवी 1943 ची. 1946 मध्ये एका घरासाठी त्यानं विटांची पातळ कमानी छतं केली आणि पुढची सगळी कारकीर्द विटेतच घालवली. विटांच्या सांध्यात सळ्या घालून गोदामं, बाजार, चर्च बांधली. अटलांतिदाच्या चर्चची तर भिंतही नागमोडी आहे. 2021 मध्ये ते जागतिक वारसा यादीत गेलं. श्रीमंत देशांतलं पोलाद-काँक्रीट परवडत नाही म्हणून रडत बसण्यापेक्षा त्यानं गणित मांडलं. मला त्याचं हेच आवडतं.

आपल्याकडे 1976 मध्ये देवेंद्र कुमार यांनी वर्ध्याला सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस सुरू केलं. तिथं आपली ती नळी परत आली, पण न चिरता! चाकावर निमुळते पोकळ शंकू काढायचे, भाजायचे, एकात एक अडकवत कमान करायची, कमानीला कमान लावायची आणि वरून मसाल्याचा थर द्यायचा. पोकळीतली हवा उन्हाची झळ अडवते. वानरांनी नाचावं खुशाल.

मग गावोगाव का नाही झालं? शंकू हजारोंनी लागतात, ते सारख्या मापाचे लागतात, आणि कमानीवर विश्वास ठेवणारा गवंडी लागतो. टिनाला यातलं काहीच लागत नाही. दुकानातून आणलं, संध्याकाळपर्यंत ठोकलं.