कुंपणावरचा अडुळसा

माझ्या सासूबाईंनी शिनोलीस परसाला अडुळशाचे कुंपण केले, ते शेळ्या त्याला तोंड लावीत नाहीत म्हणून. स्वीडनच्या लिनियस पंडिताने १७५३ साली या झुडपाला ‘अधातोडा’ नाव दिले, तेही दक्षिणेकडील बोलीतले; शेळी न शिवे, असा त्याचा अर्थ सांगतात. म्हणजे ग्रंथात शिरले ते गुराख्याचेच ज्ञान!

आपले वैद्य यास वासा म्हणत व खोकल्यावर देत. त्याच्या पाल्यातील व्हॅसिसीन या द्रव्यावरूनच पुढे ब्रोमहेक्झिन हे खोकल्याचे औषध निघाले. ते १९६३ पासून वापरात आहे. मात्र गरोदर बाईस अडुळशाचा काढा मुळीच देऊ नये. त्याने गर्भाशय आकसते.

पावसाच्या आरंभी जून फांदीचे वीतभर तुकडे रोवावेत. कोणास हवे असल्यास आषाढात आमच्या परसात यावे.