तेरा तारखेचे विनंतिपत्र

जानेवारी २०१६मध्ये पिंपरीत, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर, ८९वे मराठी साहित्य संमेलन भरले. हा क्रमांक मोजत मागे गेले की ११ मे १८७८ला पोचतो. त्या दिवशी रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने पुण्यात ग्रंथकारांची सभा भरली होती. दुसरी सभा २४ मे १८८५ची, तीही पुण्यातच. या दुसऱ्या सभेला जोतीराव फुल्यांनी पत्राने नकार कळवला. तो सभेआधी लिहिला की नंतर?

पत्र छापून आले ११ जून १८८५च्या ‘ज्ञानोदया’त. पण लिहिले केव्हा, याचा माग मजकुरातच आहे. तेरा तारखेचे विनंतिपत्र पावले, असे जोतीराव कळवतात आणि महिन्याचे नाव न घेता ‘माहे मजकूर’ म्हणतात. जुन्या पत्रव्यवहारात त्याचा अर्थ चालू महिना. तो जून असू शकत नाही, कारण १३ जून उजाडण्याआधीच पत्र छापले गेले होते. सभा मेमधली, म्हणून निमंत्रणही १३ मेचे धरणे रास्त. तसे धरले तर उत्तर मे संपण्याआधीचे ठरते. यापुढचा माझा तर्क आहे: ते २४ मेच्या आधीचे असावे. झालेल्या सभेचा एकही तपशील पत्रात नाही.

नकाराचे कारण मात्र पत्रात स्वच्छ लिहिले आहे. जे इतरांना माणसाचे हक्क मनापासून देत नाहीत, त्यांच्या सभा आणि पुस्तके यांच्याशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसणार नाही. आमचा विचार आम्हीच करू. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी ‘निबंधमाले’त जोतीरावांच्या लेखनाची जी टर उडवली होती, तिचा इथे उल्लेखही नाही. विष्णुशास्त्री १८८२मध्येच वारले होते. शुद्ध मराठी कोणती, हा जोतीरावांचा प्रश्नच नव्हता. रानड्यांना मराठीत ग्रंथ वाढायला हवे होते. जोतीराव विचारत होते, त्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांचे हाल येणार का? मला हा भाषेविषयीचा त्या काळातला सर्वांत मूलभूत मतभेद वाटतो.

‘आमचा विचार आम्हीच करू’ हे नुसते बोलणे होते काय? जोतीरावांच्या ‘सत्सार’ या पुस्तिकामालेचा पहिला अंक निघाला तो जून १८८५मध्येच.