तळहातावरचे चित्र आणि मनोऱ्याची हद्द

दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या केंद्रामुळे पुण्याला चित्र दिसू लागले. पुढची वीस-पंचवीस वर्षे ज्यांनी पाहिली, त्यांना कौलांवर चढून अँटेना फिरवणारा घरातला मुलगा आठवत असेल. वरून तो ओरडायचा, “आलं का?” खालून उत्तर यायचं, “अजून मुंग्याच आहेत!” मनोऱ्याची हद्द कुठे संपते, हे गावाला असे कौलांवरून कळे.

श्रोतेहो, आता ती कौले नकोत, तो अँटेनाही नको. तेच चित्र चालत्या माणसाच्या तळहातावर दाखवा, असे कोणी म्हणाले तर? जपानने हे करून दाखवले.

अडचण काय होती ती आधी पाहू. मनोऱ्याचा पल्ला ठरवताना जमिनीपासून १० मीटर उंचीवरचा अँटेना धरतात. हातातला संच असतो दीड मीटरवर. एवढे खाली उतरल्यानेच लहरींची शक्ती खूपच घटते. त्यातून संचातला अँटेना बोटभर, आणि माणूस घरात शिरला की भिंतीही आपला वाटा घेतात. शिवाय डिजिटल चित्राला मुंग्या येत नाहीत. ते दिसते तेव्हा स्वच्छ दिसते. नाहीतर त्याचे चौकोन फुटतात आणि ते नाहीसेच होते. चित्र अंधूक असले तरी बातम्या कळायच्या, ही जुनी सोय गेली.

जपानी पद्धतीत एका वाहिनीच्या ६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्याचे, शेतात वाफे पाडावेत तसे, १३ भाग पाडतात. बारा भाग घरच्या मोठ्या पडद्याला, मधला एक हातातल्या संचाला. म्हणून या सेवेचे नाव ‘वनसेग’. खरी युक्ती याच्या पुढे आहे. मोठ्या चित्रासाठी लहरींच्या ६४ निरनिराळ्या खुणा वापरतात, या एका भागात फक्त चार. लांबच्या शेतातल्या गड्याशी आपण कसे बोलतो? “ये” किंवा “थांब”, एवढेच हातवारे. खुणा थोड्या आणि ठळक असल्या की दुरूनही चुकत नाहीत. किंमत चित्राला मोजावी लागली: ३२० बाय १८० ठिपके, सेकंदाला साधारण १५ चित्रे. पण बातमी कळायला तेवढे पुरे.

ही सेवा १ एप्रिल २००६ रोजी सुरू झाली. मनोरे तेच आणि फोन कंपनीला पैसे द्यायचे नाहीत. युरोपने मात्र मोबाईलसाठी निराळे प्रक्षेपण उभारायचे ठरवले. इटलीत ते जून २००६ मध्ये सुरू झाले. नवे प्रक्षेपक हवे आणि वर ग्राहकाने वर्गणी भरावी, हा मेळ काही बसला नाही. थोड्याच वर्षांत ते बंद पडले. मला तर हा हिशेब पहिल्यापासूनच उलटा वाटतो.

वनसेगची परीक्षा ११ मार्च २०११ च्या भूकंपात झाली. सगळ्यांनी एकदम फोन लावले आणि लाइनी तुंबल्या. वीज गेलेल्या घरांतले टीव्ही मुके झाले. मनोऱ्याला मात्र पाहणारे दहा की दहा लाख, याचे ओझे नसते. बॅटरी टिकली तोवर अनेकांना सुनामीच्या सूचना हातातल्या फोनवर दिसत राहिल्या. मनोरा शाबूत असेल आणि मध्ये डोंगर नसेल तिथेच, हे अर्थात आलेच.

शहरातही आडोसा असतोच. उंच इमारतींमुळे ३३३ मीटरचा टोकियो टॉवर अपुरा पडू लागला, म्हणून ६३४ मीटरचा स्कायट्री बांधला. मे २०१३ अखेर टीव्हीचे मुख्य प्रक्षेपण तिकडे गेले. पुढे इंटरनेटने बाजी मारली, आणि जपानी फोनमधूनही वनसेग हळूहळू कमी होत गेले.

आपल्याकडे दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत मोबाईलसाठी असे प्रक्षेपण जाहीर केले. त्यात मुंबई होती आणि तेव्हाचे औरंगाबादही होते. फोनला जोडायला एक छोटा डोंगल लागायचा, तो आपला आपण विकत घ्यायचा. यादीत शहरेच होती; कौलांवर चढून ज्यांनी मुंग्या घालवल्या होत्या, त्यांची गावे त्या वर्तुळाबाहेरच राहिली.