ऱ्हाईनकाठचा राजपुत्र

बिंगेन गावाहून ऱ्हाईन नदीतून आगबोटीने खाली निघाले, की थोड्याच वेळात डाव्या तीरावरच्या कड्याला बिलगलेला एक किल्ला दिसू लागतो. त्याचे नाव ऱ्हाईनस्टाईन. तो नव्याने उभारणारा गृहस्थ घोडदळाचा सेनापती होता. पण हा किल्ला त्याने लढून जिंकला नाही, चक्क विकत घेतला!

प्रशियाचा राजपुत्र फ्रेडरिक १७९४ साली बर्लिनला जन्मला. दोन वर्षांचा असतानाच घटसर्पाने त्याचे वडील गेले. प्रशियाचा राजा त्याचा सख्खा चुलता. आणि दोघा भावांनी दोघी बहिणी केल्या असल्यामुळे राणी लुईझा ही त्याची मावशी. असा हा घरचा मुलगा १८२१ मध्ये चौदाव्या डिव्हिजनचा सेनापती होऊन ड्युसेलडॉर्फला आला.

कामगिरी नाजूक होती. ऱ्हाईनचा हा मुलूख प्रशियाकडे आला तो १८१५ च्या व्हिएन्नाच्या तहाने. प्रजा बहुतांशी कॅथलिक, राजघराणे प्रॉटेस्टंट. शिवाय नेपोलियनच्या अमदानीतले कायदे लोकांच्या अंगवळणी पडलेले. बर्लिनचा माणूस त्यांना परकाच वाटे. राजपुत्राने मात्र यागरहोफ वाड्याची दारे चित्रकारांना नि गवयांना उघडली. १८२९ मध्ये तेथे कलामंडळ निघाले, त्याचा तो आश्रयदाता झाला. मंडळाची युक्ती मोठी गमतीची! सभासदांनी वर्गणी भरायची, त्या पैशांतून चित्रे विकत घ्यायची आणि चिठ्ठ्या टाकून सभासदांतच वाटायची. चित्रकाराची चूल पेटे आणि एखाद्या व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यातही अस्सल चित्र झळके.

ऱ्हाईनस्टाईनचे भग्नावशेष त्याने १८२३ मध्ये घेतले आणि १८२५ ते १८२९ या काळात किल्ला पुन्हा उभा केला. मग राजघराण्याला हा नादच लागला. पुढे श्टोल्त्सेनफेल्सचा किल्लाही सजला.

पण चित्रांनी राजकारणाच्या जखमा भरतात का? १८४८ साली जर्मनीत क्रांतीचा वणवा पेटला. ऑगस्टमध्ये राजा चौथा फ्रेडरिक विल्यम ड्युसेलडॉर्फमधून जात असता जमावाने त्याच्यावर घोड्यांची लीद फेकली. हा राजा राजपुत्राचा चुलतभाऊ, आणि मावसभाऊही! त्याच वर्षी राजपुत्राने ते शहर सोडले. सत्तावीस वर्षांचा संसार मोडला. पत्नी लुईझा मानसिक व्याधीने ग्रासलेली. तिचे उरलेले आयुष्य ड्युसेलडॉर्फजवळच्या एलरच्या वाड्यात गेले.

१८६३ मध्ये राजपुत्र बर्लिनला वारला. पण त्याला पुरले ते ऱ्हाईनस्टाईनच्या प्रार्थनामंदिराखालच्या तळघरात. पुढे पत्नी आणि नाटके लिहिणारा मुलगा गेओर्ग हेही तेथेच विसावले.

प्रशियाचे राज्य बुडाले, राजमुकुट गेले. कलामंडळ मात्र ड्युसेलडॉर्फमध्ये आजही चालू आहे, आणि किल्ला पाहायला लोक आजही कडा चढतात. सेनापतीच्या हुकमाने जे साधले नाही, ते वर्गणीने नि चिठ्ठ्यांनी थोडेफार साधले, एवढे खरे.