बुचाची साक्ष

बाटली उघडली की पाहणाऱ्याचे लक्ष आतील द्रवाकडे जाते आणि बूच कोठे तरी कोपऱ्यात घरंगळत जाते. इतिहासलेखकांचेही बहुधा असेच होते. मद्य कोणी प्याले, कोणी निषिद्ध मानले, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु शेकडो कोसांवरून ते न नासता, न सांडता आणि वाटेत कोणी पाणी न मिसळता आले कसे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक दूरदेशीच्या व्यापाराचे सारे मर्म त्या प्रश्नातच आहे. भरणाऱ्यास घेणाऱ्याने कधी पाहिलेले नसते. दोघांमध्ये जामीन राहते ते एक बंद तोंड!

जालना जिल्ह्यातील भोकरदन हे केळणा नदीकाठचे गाव आज पाहिले, तर या प्रश्नाशी त्याचा काही संबंध असेल असे वाटणार नाही. पण हेच प्राचीन भोगवर्धन. येथील दात्यांचा उल्लेख सांची व भारहुत येथील लेखांत येतो. पैठणहून उज्जयिनीस जाणारा मार्ग येथूनच जात असे. १९७३ साली येथे उत्खनन झाले, तेव्हा सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीच्या अवशेषाचे साम्य थेट इटलीतील पाँपेई येथे १९३८ साली मिळालेल्या मूर्तीशी दिसून आले. पाँपेई इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडले गेले. म्हणजे त्यापूर्वीच आपल्या देशातील कारागिरी तेथवर पोहोचली होती.

उलट दिशेने काय येत होते? पहिल्या शतकातील एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांचे वर्णन लिहून ठेविले आहे. त्यात भडोच येथे उतरणाऱ्या मालात तो मद्याचा उल्लेख करतो. इटलीच्या मद्यास विशेष मागणी, शिवाय लाओडिकिया व अरबस्तान येथीलही. राजासाठी उंची मद्य निराळे येई. पैठण व तेर येथील माल गाड्यांवर लादून भडोचला जात असल्याचेही तो सांगतो.

हे मद्य दोन कानांच्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या मातीच्या कुंभांतून येई. कच्ची माती द्रव शोषून घेते, म्हणून आतून राळेचा लेप देत. तोंडात बुचाची अथवा मातीची चकती बसवून वर चुन्याचा गिलावा थापीत आणि तो ओला असतानाच कित्येकदा व्यापाऱ्याचा शिक्का उठवीत. गिलावा फोडल्यावाचून कुंभ उघडत नसे, आणि एकदा फोडला की पूर्ववत करता येत नसे. सचोटी राखण्याची ही युक्ती किती साधी! अशा कुंभांची खापरे पैठणच्या शेजारच्या नेवासे येथे १९५४ ते १९५६ या काळातील उत्खननात मिळाली. पुढे अशा खापरांची फेरतपासणी झाली, तेव्हा रोमन म्हणून गणलेली पश्चिम हिंदुस्थानातील बरीचशी खापरे इराक–इराणकडील रांजणांची ठरली. त्या रांजणांना आतून डांबराचा लेप असे. शिक्के कधीच फुटून गेले होते. आतल्या लेपाची साक्ष मात्र उरली होती.

रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाबरोबर युरोपात बुचाचा वापर मागे पडला. लाकडी खुंट्या व तेलात भिजविलेल्या चिंध्या यांवर भागू लागले. सतराव्या शतकात इंग्लंडात दगडी कोळशाच्या भट्टीत जाड काच होऊ लागली, तेव्हा घट्ट बूच सोसणारी बाटली मिळाली. हे बूच एका जातीच्या ओक वृक्षाची साल होय. ती सोलली तरी झाड मरत नाही आणि सुमारे नऊ वर्षांनी पुन्हा सोलता येते. पोर्तुगाल तिचे माहेरघर. पण घट्ट बसविलेले बूच काढावयाचे कसे? त्यासाठी पिळदार सळई निघाली, आणि १७९५ साली सॅम्युएल हेन्शल नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने तिच्या सुधारलेल्या रूपाचे पेटंट घेतले.

त्यानंतर आठच वर्षांनी, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, याच केळणेच्या काठी असईची लढाई झाली. १८२७ साली जालन्यास छावणी वसली. अशा छावण्यांतील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मेजावर मदेरा बेटाचे मद्य आवडीने घेतले जाई, कारण ते उन्हाने बिघडत नसे. (बेटाच्या नावाचा आपल्या 'मदिरे'शी संबंध नाही; पोर्तुगीज भाषेत त्याचा अर्थ लाकूड!) मात्र बुचाला कोरडी हवा सोसत नाही. ते आटते आणि वाऱ्यास वाट देते. म्हणून बाटली आडवी ठेवून बूच ओले राखीत व वरून राळ, मेण किंवा लाख यांची मोहोर करीत. ही लाख आपल्याच पळस, बोर व कुसुंब यांच्या फांद्यांवर किडे तयार करतात. सोळाव्या शतकापासून युरोपातील पत्रांवरच्या मोहरांतही ती वितळू लागली होती. साहेबाचा विश्वास असा आपल्या पळसावर टेकला होता.

'बूच' हा शब्दही पोर्तुगीज 'बूशा'पासून आला असे मानले जाते. पुढे ब्रह्मदेशाकडून आलेल्या एका उंच, पांढऱ्या सुगंधी फुलांच्या झाडाची जाड साल हलक्या प्रतीच्या बुचासाठी उपयोगी पडते असे दिसून आले, आणि आपण त्यास बुचाचे झाड म्हणू लागलो. त्या फुलांच्या वेण्या गुंफणाऱ्या मुलींस या व्यापाराची वार्ताही नसते.

आज नाशिककडील अनेक बाटल्यांवर फिरकीचे धातूचे झाकण असते. ते हातानेच उघडते. जालना जिल्ह्यातील कडवंचीही द्राक्षबागांसाठी नावाजली आहे, आणि तेथील द्राक्षे खाण्यासाठी बाजारात जातात. काळ पुढे गेला, हे ठीकच. पण जुन्या गावांच्या पांढरीची माती अजूनही शेतात टाकण्यासाठी उकरली जाते आणि तिच्याबरोबर खापरेही फेकली जातात. त्यांतील एखादे आतून काळे, चिकट लेपाचे असेल, तर ते मळलेले खापर म्हणून टाकू नये, जाणत्यास दाखवावे. दोन हजार वर्षांपूर्वी कोणी कोणावर विश्वास टाकला होता, हे सांगणारा तेवढाच साक्षीदार उरला असेल.